वाइंडिंग

मानवतच्या मोंढ्यामागं बाबांचं दुकान.
जळालेल्या मोटारी पोटं उघडून पडलेल्या,
व्हार्निशचा वास, तांब्याच्या तारेची भेंडोळी,
आणि दर दोन वाक्यांमागं एक शिवी.
पाना सापडला नाही : शिवी.
सापडला : तीच, जरा खालच्या पट्टीत.
जुनं गिऱ्हाईक उधारी द्यायला आलं तर
"भाड्या, मेलास का काय समजलो होतो,"
आणि स्वतःच्या कपातला अर्धा चहा त्याला बशीत.

मी झेडपीच्या शाळेत मास्तरीण.
वर्गात डबा ठेवलेला, शिवीला एक रुपया.
चौथीतला नवनाथ कुंडगीर
सोमवारीच पाच रुपये आगाऊ भरायचा.

घरी सांगून थकले : बाबा, नातू ऐकतोय.
"ऐकू दे की," म्हणायचे,
"शिवी म्हणजे मोटारीचं अर्थिंग, पोरी.
जास्तीचा करंट जमिनीत गेला पाहिजे,
नाहीतर बॉडीला हात लावणारा मरतो."
मी म्हणायचे, मग तुमची अर्थिंगची तार
दर वेळी कुणाच्या तरी मायच्या अंगावरून कामून जाते?
यावर त्यांच्याकडं उत्तर नव्हतं.
टेस्टर कानामागं खोचून ते आत जायचे.
आतून, मोटारीला : शिवी.

फाल्गुनात झटका आला.
परभणी, तिथून नांदेड, अकरा दिवस.
उजवा हात गेला. शब्द गेले.
पाणी गेलं, भाकर गेली, माझं नाव गेलं.
आईचं तर त्यांनी तसंही कधी घेतलं नव्हतं.
राहिली एक शिवी.
तीच, मायवरची. ठसठशीत, कुठं न अडखळता.
डॉक्टर म्हणाले, बोलणं डोक्यात एकीकडं असतं,
शिव्या दुसरीकडं. तिकडचं वाचलंय.
नर्सबाई सलाइनच्या बाटलीकडं बघत राहिली.
इलियास, बावीस वर्षं दुकानात,
भिंतीकडं तोंड करून रडता रडता हसला :
"उस्ताद सिंगल फेजवर चालायलेत."

आता घरात त्यांचा एकच शब्द.
हळू आणि लांब : पाणी.
तोडून, दोनदा : टीव्ही बंद करा.
नुसता ओठात, डोळे दाराकडं : दुकान उघडलं का.
मी चुकते. आई चुकत नाही.
चाळीस वर्षं तिनं हेच केलेलं,
तांदळातून खडे नव्हे,
खड्यांतून तांदूळ वेचले.
विचारलं, तुला राग नव्हता येत?
"यायचा की. मला दिली म्हणजे
माझ्या मायला जिंतूरला उचकी लागत असंल.
मग मी इथंच, तिच्या नावानं
घोटभर पाणी प्यायची."
एवढं बोलून ती त्यांची लाळ पुसायला उठली.

डबा वर्गात आहे. काढलेला नाही.
मोठ्या माणसांनी द्याव्यात का,
असं पालकसभेत कुणी विचारलं तर
नको, असंच सांगेन, खडूचे हात झटकत.
अजूनही प्रत्येक शिवीत मला
एक बाई उभी दिसते,
जिचा त्या भांडणाशी काही संबंध नाही.

पण परवा लाइट गेली. रात्रीचे दोन.
बाबांना कुशीवर वळवताना
माझ्या पाठीत उसण भरली
आणि तोंडातून निघाली. तीच. अख्खी.
अंधारात थोडा वेळ काहीच नाही.
मग त्यांनी डाव्या हातानं
चाचपत माझं मनगट धरलं
आणि माझी मला परत दिली,
हळू, इतकी हळू
की ते माझं नाव असावं.

सकाळी डब्यात दोन रुपये टाकले.
नवनाथ कुंडगीर बघत होता.
"बाई, दोन?"
मी म्हटलं, हजेरी सांग.